गिरणगाव

मुंबई बेटाच्या मध्य भागातील कापडगिरण्या आणि त्यांतील कामगारांच्या चाळी यांतून उभी राहिलेली वस्ती. सरकारी दप्तरात या नावाचा स्वतंत्र विभाग कधीच नव्हता, त्यामुळे तिच्या सीमा लेखकागणिक बदलतात. दक्षिणेस भायखळा व सात रस्ता, उत्तरेस नायगाव व दादरचा काही भाग, पूर्वेस शिवडी आणि पश्चिमेस वरळी-प्रभादेवी यांमधील पट्टा सर्वसाधारणपणे गिरणगावात धरला जातो. चिंचपोकळी, लालबाग, काळाचौकी, परळ, लोअर परळ आणि डिलाईल रोड (सध्याचा ना. म. जोशी मार्ग) हा त्याचा गाभा होय. ताडदेव बरेचदा वगळले जाते. मुंबईच्या आरंभीच्या गिरण्या तेथेच उभ्या राहिल्यामुळे प्रस्तुत नोंदीत त्याचा समावेश केला आहे.

गिरण्या येण्यापूर्वी हा परिसर वाड्या, भातखाचरे आणि तुरळक बंगल्यांचा होता. परळ येथे मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान होते. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात गव्हर्नरांनी ते सोडले, तोवर आजूबाजूस धुराडी उभी राहू लागली होती. १८९९ मध्ये त्या वास्तूत डॉ. हाफकिन यांची प्लेगविषयक प्रयोगशाळा आली.

पहिली गिरणी कोणती, याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. कावसजी नानाभाई दावर यांच्या ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ला हा मान सहसा दिला जातो. काही ठिकाणी तिचे वर्ष १८५४, तर काही ठिकाणी १८५६ असे आढळते. ही तफावत मुख्यतः गणनेच्या पद्धतीतून आलेली दिसते: कंपनीची स्थापना १८५४ ची आणि ताडदेव येथील गिरणीत प्रत्यक्ष सूत निघू लागले ते १८५६ मध्ये. ‘भारतातील पहिली गिरणी’ हा दावा मात्र जपून करावा लागतो. कोलकात्याजवळ बावडिया येथे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच सूतगिरणी निघाली होती आणि भडोचची गिरणीही साधारण दावरांच्याच काळातील आहे. पुढे टिकलेल्या आणि विस्तारलेल्या उद्योगाचा आरंभ म्हणून ताडदेवचे स्थान मान्य करावे, पण निरपवाद ‘पहिली’ म्हणू नये, हे अधिक सयुक्तिक वाटते. दावरांच्या पाठोपाठ पेटिट घराण्याने गिरणी काढली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या निर्यातीवर मुंबईत अमाप पैसा आला आणि युद्ध संपताच बराचसा बुडाला. सावरलेले भांडवल १८७० नंतर गिरण्यांत उतरले. सुरुवातीला चीनला जाणारे सूत हा या गिरण्यांचा मोठा आधार होता. जपानची स्पर्धा वाढल्यावर त्या कापड विणण्याकडे अधिकाधिक वळल्या.

गिरण्या येथेच का आल्या, याची कारणे सरळ आहेत. कोट भागाच्या तुलनेत जमीन स्वस्त होती, दोन्ही रेल्वेमार्ग जवळून जात होते आणि बंदर हाताशी होते. कामगार मात्र दूरवरून आले. सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा (त्या काळी सिंधुदुर्ग त्यातच होता). त्याखालोखाल घाटावरचे सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगर हे जिल्हे. तेलुगू पद्मशाली आणि मदनपुऱ्यातील उत्तर हिंदुस्थानी मुसलमान विणकर हे साचेखात्यात (विणकामाच्या खात्यात) मोठ्या संख्येने होते. भरती जॉबरच्या (मुकादमाच्या) हातात असे. तो आपल्या गावचे, नात्याचे, जातीचे लोक आणी, त्यांना खोली पाहून देई, उसने पैसे देई आणि पगारातून कापूनही घेई. कायम कामगारांच्या जोडीला रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभे राहणारे बदली कामगार असत. कुणी गैरहजर असला तर त्यांना काम मिळे, नाहीतर परत फिरावे लागे. वर्षानुवर्षे बदलीच राहिलेले कामगार हजारोंनी होते आणि १९८२ च्या संपातील कटुतेचे एक मूळ येथे आहे.

राहण्याची व्यवस्था कामापेक्षाही अपुरी होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि ट्रस्टच्या (बी.आय.टी.) चाळी बांधण्यात आल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षे राहिले. १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे दोनशेहून अधिक तीनमजली-चौमजली इमारती उठवल्या. याच त्या बी.डी.डी. चाळी. त्यांतील खोली सुमारे १६० चौ. फुटांची, संडास व नळ सामाईक. एकट्याने आलेला कोकणी कामगार बहुधा गावकीच्या खोलीत राही. या खोलीचे भाडे गावमंडळ भरे. रात्रपाळीचा माणूस दिवसा आणि दिवसपाळीचा रात्री झोपे, म्हणून एका खोलीत वीस-वीस जणांची वळकटी मावे. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बहुतेक स्त्रिया कामगारांच्याच घरच्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळू लागले. गिरणीतही रिळे भरणाऱ्या खात्यांत स्त्रिया होत्या आणि १९२०–३० च्या सुमारास त्यांचे प्रमाण एकूण कामगारांत पाचव्या हिश्शाच्या आसपास होते. पाळ्यांचे नियम, प्रसूतिरजेचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती आणि नवी यंत्रे यांमुळे पुढे ते सतत घटत गेले.

चाळीतील शेजार एकोप्याचा होता हे खरे, पण तो एकोपा जातीच्या भिंती ओलांडणारा होता असे सरसकट म्हणता येत नाही. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात घेतले जात नसे. त्यासाठी पुढे केले जाणारे कारण असे, की धोट्यातील (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातील) कांडीचे सूत संपले की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि दुसऱ्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर चालवून घेत नसत. विणकाम हे चांगल्या पगाराचे काम असल्यामुळे ही बंदी सरळ पोटावर येणारी होती. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. गिरणगावाच्या गौरवपर वर्णनांत या बाबीस फारच थोडी जागा मिळते, हे योग्य नाही.

कामगार चळवळीचा आरंभ नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून धरतात. त्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’चे वर्ष काही ठिकाणी १८८४, तर काही ठिकाणी १८९० असे दिले जाते. १८८४ मध्ये कामगारांच्या सभा होऊन सरकारच्या आयोगाकडे निवेदन गेले, हे निश्चित. संघटना म्हणून रीतसर स्वरूप १८९० मध्ये आले असे मानणे अधिक सुरक्षित आहे. त्याच वर्षी जून महिन्यात मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. १९२८ च्या दीर्घ संपातून लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन पुढे आली. मात्र १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेस वाटाघाटीचा अधिकार दिला आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. कामगारांचा कल कुणाकडेही असला, तरी मालकांशी बोलणी करण्याचा कायदेशीर हक्क त्या संघाकडेच राही.

लालबाग-परळने मराठी संस्कृतीला दिलेले देणे सर्वश्रुत आहे. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांचे लालबावटा कलापथक, नारायण सुर्वे यांची कविता, दामोदर हॉलमधील कामगार रंगभूमी, भजनी मंडळे, शक्ती-तुऱ्याचे सामने, १९३४ पासूनचा लालबागचा सार्वजनिक गणपती आणि संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातील कामगारांचा सहभाग एवढा नामनिर्देश येथे पुरे. १९६६ नंतर शिवसेनेचा प्रभाव वाढला. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. परळवरील लाल बावट्याची पकड येथून सैल झाली.

गिरणगावाच्या ऱ्हासाचे कारण म्हणून १९८२ च्या संपाचे नाव प्रथम घेतले जाते. बोनसच्या प्रश्नावरून असंतुष्ट झालेले कामगार १९८१ च्या अखेरीस कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे ६० गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ चा कायदा रद्द करणे या मुख्य मागण्या होत्या. संप दीड वर्षाहून अधिक रेंगाळला. तो रीतसर मागे घेण्यात आला नाही. कामगार गावी गेले, भांडी-दागिने विकले गेले, आणि गिरण्या हळूहळू थोड्या मनुष्यबळावर सुरू झाल्या. कायमची नोकरी गमावलेल्यांचे अंदाज पाऊण लाखापासून दीड लाखापर्यंत जातात.

संपामुळेच गिरण्या बुडाल्या, हे मत वृत्तपत्रांतून आणि मालकवर्गाकडून वारंवार मांडले गेले. अभ्यासकांपैकी बरेच जण हे मान्य करीत नाहीत आणि पुरावा त्यांच्या बाजूला अधिक झुकतो. अनेक गिरण्यांतील यंत्रसामग्री कित्येक दशकांची जुनी होती. नफा गिरणीत परत न घालता अन्य उद्योगांत वळवला जात होता. आजारी गिरण्या ताब्यात घेण्यासाठी १९७४ मध्येच केंद्र सरकारला कायदा करावा लागला, म्हणजे आजार संपापूर्वीचा होता. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग कमी मजुरीत आणि कामगार कायद्यांच्या कक्षेबाहेर कापड काढत होते. संपकाळात मालकांनीच त्यांच्याकडून कापड विणून घेतले आणि ती घडी पुढे कायम झाली. संपाने ऱ्हासाची गती वाढवली आणि कामगारांची वाटाघाटीची ताकद संपवली, एवढे निश्चित म्हणता येईल. संपानंतर १९८३ मध्ये आणखी १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने घेतले. पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे मुंबईत एकूण २५ गिरण्या होत्या.

१९९० नंतर प्रश्न कापडाचा राहिला नाही, जमिनीचा झाला. गिरण्यांखालची एकत्रित जमीन सुमारे ६०० एकर होती आणि तिचे भविष्य एका नियमाच्या शब्दयोजनेवर ठरले, म्हणून त्याची माहिती थोडी विस्ताराने देणे आवश्यक आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ अन्वये गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना तिचे तीन वाटे करायचे होते: एक महानगरपालिकेला उद्याने व सार्वजनिक सोयींसाठी, एक म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेला मालकास. पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीत हे प्रमाण अनुक्रमे ३३, २७ व ४० टक्के होते आणि जमीन वाढत जाईल तसा मालकाचा वाटा कमी होई. विक्रीतून येणारा पैसा गिरणीचे पुनरुज्जीवन व कामगारांची देणी यांसाठी वापरावा, अशीही अट होती. यातून पळवाट अशी निघाली, की जुने बांधकाम न पाडता त्याचा वापर बदलला तर वाटे करावे लागत नसत. कार्यालये, दुकाने, करमणूक केंद्रे जुन्या शेडमध्येच थाटली गेली.

१९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने महामंडळाच्या गिरण्यांची जमीन सलग धरून रस्ते, मैदाने व घरे यांचा एकत्रित आराखडा सुचवला. तो अमलात आला नाही. २००१ मध्ये नियम ५८ बदलण्यात आला. या बदलानंतर वाटे केवळ गिरणीच्या आवारातील मोकळ्या जमिनीचे करायचे ठरले आणि बांधकाम पाडून रिकामी होणारी जमीन हिशेबातून वगळली गेली. गिरण्यांच्या आवारात मोकळी जागा मुळातच थोडी, त्यामुळे शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याचे क्षेत्र एकदम आक्रसले. जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवून २००१ ची दुरुस्ती वैध ठरवली. दरम्यान २००५ मध्येच महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात सुमारे २,००० कोटी रुपयांना गेल्या होत्या. मुंबईसारख्या मैदानांना पारख्या झालेल्या शहराला सलग मोकळी जमीन मिळण्याची अशी संधी पुन्हा येणे अवघड, आणि ती कायद्याच्या एका उपकलमात गेली, हे या प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान होय.

या काळात वस्तीत बेकारी व गुन्हेगारी वाढली. संपानंतर वयात आलेल्या तरुणांपैकी काही टोळ्यांकडे ओढले गेले. जमीनव्यवहारांतील हिंसेची झळ मालकांनाही लागली. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ हत्या झाली, तर जानेवारी १९९७ मध्ये दत्ता सामंत यांचा खून झाला.

गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत रोज लाखो नोकरदार येऊ लागले. रस्ते आणि स्थानके मात्र चाळीतून पायी गिरणीत जाणाऱ्या कामगारासाठी आखलेली होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (सध्याचे प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला.

कामगारांच्या घरांचा लढा १९८९ मध्ये स्थापन झालेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने दत्ता इस्वलकर यांच्या नेतृत्वाखाली चालवला. गिरणीच्या जमिनीतून म्हाडाला मिळणाऱ्या वाट्यातील घरे कामगारांना द्यावीत, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली आणि तीत सात हजारांच्या आत-बाहेर घरे होती. अर्जदार कामगार व वारसांची संख्या मात्र दीड लाखांच्या आसपास आहे. अलीकडे यांपैकी अनेकांना शेलू, वांगणी अशा मुंबईबाहेरच्या ठिकाणी घरे देऊ करण्यात आली आहेत. घर मुंबईतच मिळावे, या मागणीवर कामगार संघटना ठाम असून जुलै २०२५ मध्ये त्यासाठी आझाद मैदानावर मोर्चा निघाला. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे सोपवण्यात आला असून, १६० चौ. फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौ. फुटांचे घर त्याच जागी देण्याची ही योजना आहे. वरळी येथील पहिल्या इमारतींचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना देण्यात आला. खासगी मालकीच्या जुन्या चाळींत हे काम बिल्डरगणिक वेगवेगळ्या गतीने चालू असून, अनेक भाडेकरू वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरांत आहेत.