सात वाजता सांगितलेलं सव्वासातला कुठे जातं?

"दात घास, मोजे घाल, दप्तर भर आणि बाहेर ये." आतून "हो" असा आवाज येतो. पंधरा मिनिटांनी डोकावलं, तर नऊ वर्षांचा मुलगा पलंगाच्या कडेवर बसलेला. एक मोजा पायात, दुसरा हातात. हातातल्या मोज्याचा सुटलेला धागा तो बोटाला गुंडाळतोय, सोडतोय, पुन्हा गुंडाळतोय. दप्तर उघडंच आहे. "मी काय काय सांगितलं होतं?" असं विचारलं, की चारही कामं घडाघडा म्हणून दाखवतो.

आईबापांचं डोकं फिरतं ते इथे. ठाऊक आहे आणि तरी करत नाही, म्हणजे मुद्दामच! ज्याला एडीएचडी (अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता असं नाव असलेली अवस्था) आहे अशा मुलाच्या बाबतीत हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. रसेल बार्कली हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत: या मुलांना काय करायचं ते कळत असतं, पण कळलेलं ऐन वेळी, त्या जागी वापरता येत नाही. हे पटलं की रात्री समोर बसवून दिलेलं व्याख्यान सकाळी का उपयोगी पडत नाही, तेही उमगतं. व्याख्यानात माहिती असते, आणि माहितीची टंचाई इथे नव्हतीच.

मग टंचाई कशाची? चार कामं पार पाडायची तर ती मनाच्या फळ्यावर काही मिनिटं टिकवून धरावी लागतात. याला कार्यस्मृती म्हणतात. शिवाय मधे आलेला धागा बाजूला सारावा लागतो, आणि किती वेळ गेला याचा अंदाज आतल्या आत चालू ठेवावा लागतो. ही सगळी कारभाऱ्याची कामं, आणि ती मुख्यतः कपाळामागचा मेंदू, त्याच्या खोल भागांशी असलेल्या जोडण्यांच्या मदतीने, पार पाडतो. २००७ साली फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या तितक्याच मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. मेंदूच्या सालीची, म्हणजे बाहेरच्या थराची, जाडी वाढत जाऊन एका वयात कमाल गाठते. इतर मुलांमध्ये सालीच्या निम्म्या भागाने ही कमाल साधारण साडेसातव्या वर्षी गाठली होती. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाव्या. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. हालचालींचं नियंत्रण करणारा पट्टा मात्र या मुलांमध्ये किंचित लवकरच तयार झालेला दिसला. म्हणजे गाडी आधी तयार, चालक मागाहून. अर्थात ही सरासरी आहे. एकट्या मुलाचं निदान अशा प्रतिमेवरून होत नाही.

"पण खेळाच्या पडद्यासमोर तर दोन-दोन तास हलत नाही!" ही तक्रार प्रत्येक पालक करतो, आणि ती खरी असते. अवधानाचा अभाव हे नावच थोडं दिशाभूल करणारं आहे. अवधान असतं, ते हवं तिकडे वळवता येत नाही. पडद्यावर दर दोन-चार सेकंदांनी काहीतरी बक्षीस मिळतं. गृहपाठाचं बक्षीस कधी? परीक्षेनंतर. अनेक प्रयोगांत दिसलं आहे की ही मुलं उशिरा मिळणाऱ्या मोठ्या बक्षिसापेक्षा लगेच मिळणारं छोटं बक्षीस इतर मुलांपेक्षा जास्त वेळा निवडतात. म्हणून "वर्षभर नीट अभ्यास केलास तर सायकल" हा वायदा फुसका ठरतो. दहा गणितं सोडवायची असतील तर दोन झाल्यावर एक ठसा, चार झाल्यावर दुसरा; पाच ठशांवर संध्याकाळी अर्धा तास जास्त खेळायला. लाच दिल्यासारखं वाटतं खरं. पण चष्मा लावणाऱ्या मुलाला आपण डोळ्यांना लाच दिली असं म्हणत नाही.

हाच चष्मा घरभर लावता येतो. मनात टिकत नाही ते मनाबाहेर ठेवायचं, आणि जिथे काम होतं तिथेच ठेवायचं. दात घासण्याचं चित्र बेसिनच्या वर. दिवाणखान्यातल्या वेळापत्रकात असून ते कामाचं नाही. वेळ डोळ्यांना दिसायला हवा: वाळूचं घड्याळ किंवा उरलेली मिनिटं रंगाने दाखवणारं घड्याळ. सूचना दुसऱ्या खोलीतून द्यायची नाही. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, नजर मिळेपर्यंत थांबायचं आणि एकच गोष्ट सांगायची: "दुसरा मोजा घाल." घातला की लगेच, "घातलास, छान. आता दप्तर." सुरुवातीला हे भयंकर कंटाळवाणं वाटतं. पण चार वेळा ओरडण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा यात कमीच वेळ जातो. आणि अभ्यास करताना पाय हलत असतील तर हलू द्यावेत. कठीण स्मरणकाम करताना ही मुलं जास्त चुळबुळ करतात आणि काही अभ्यासांत चुळबुळ करतानाच त्यांची कार्यस्मृती बरी चालल्याचं आढळलं आहे. "आधी गप्प बस, मग वाच" हा क्रम कदाचित उलटाच पडत असेल.

साखरेबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण गोडाने मूल चेकाळतं ही समजूत जाता जात नाही. १९९४ साली हूव्हर आणि मिलिच यांनी पाच ते सात वर्षांच्या ३५ मुलग्यांवर एक प्रयोग केला. आपल्या मुलाला साखर सोसत नाही, असं या मुलांच्या आया आधीपासून म्हणत होत्या. निम्म्या आयांना सांगितलं, की मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात कोणालाच साखर दिलेली नव्हती. तरीही 'साखर दिलेल्या' मुलांच्या आयांनी आपलं मूल जास्त चळवळं असल्याचं नोंदवलं. चित्रफितीत तर या आया मुलाच्या अगदी जवळ राहताना, त्याच्यावर सतत नजर ठेवताना, जास्त टोकताना दिसल्या. मूल तेच, बदलली होती ती आईची नजर. दिवसभर टोकणं ऐकणाऱ्या मुलाचं काय होत असेल, हा प्रश्न मला साखरेपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

निदान तज्ज्ञांकडूनच व्हावं. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने तरी टिकलेली आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी हवीत. मुलींमध्ये ती अनेकदा खिडकीबाहेर बघत बसण्यात दिसतात, कोणाला त्रास होत नाही आणि म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीत.

औषधांची भीती समजण्यासारखी आहे. त्यांचा शोधही अपघातानेच लागला. १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकी डॉक्टरांनी मेंदूच्या तपासणीनंतर मुलांना होणाऱ्या डोकेदुखीवर बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण मुलं वर्गात मन लावून अभ्यास करू लागली आणि त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली. आज वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही निरोप पोचवणारी रसायनं जास्त वेळ उपलब्ध ठेवतं. भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं हे त्रास होतात आणि त्यावर डॉक्टरांचं लक्ष असावं लागतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आधी पालकांच्या प्रशिक्षणाची आहे, औषध नंतर.

या प्रशिक्षणात एक गोची आहे. एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून हा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो. म्हणजे ठशांचा तक्ता रोज न चुकता भरायचं काम ज्या आईला किंवा वडिलांना सांगितलं, तेही कधीकाळी पलंगाच्या कडेवर मोजा हातात घेऊन बसलेले असू शकतात. तक्ता दुसऱ्या आठवड्यात कोरा राहतो आणि 'आमच्याकडे हे चालत नाही' असा निष्कर्ष निघतो. मुलाच्या तपासणीत पालकांनाही "तुमचं शाळेत कसं होतं?" असं विचारलं गेलं, तर तक्ता कोणी भरायचा, आठवणीचा गजर कोणाच्या फोनवर लावायचा आणि उपचार आणखी कोणाला लागतील, हे त्याच दिवशी ठरवता येतं.