दंतगरातील मूलपेशींचे वार्धक्य

दाताच्या पोकळीतील मऊ ऊतकाला दंतगर म्हणतात. त्यातील मूलपेशींची विभाजनाची व नवे ऊतक घडवण्याची क्षमता वयोमानाने घटत जाते, त्या प्रक्रियेला त्यांचे वार्धक्य म्हणतात. स्टॅन ग्रॉन्थॉस, साँगताओ शी आणि सहकाऱ्यांनी २००० साली मोठ्या माणसांच्या अक्कलदाढांतून या पेशी वेगळ्या केल्या. २००३ मध्ये पडलेल्या दुधाच्या दातांतही अशा पेशी सापडल्या. त्या अधिक वेगाने वाढतात.

पेशी म्हातारी झाली म्हणजे मेली, असे नव्हे. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोके थोडी झिजतात, डीएनएला इजा होत राहते, विभाजन रोखणारे पी१६ हे प्रथिन वाढते आणि विभाजन कायमचे थांबते. पेशी फुगून पसरट होते; बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) चाचणीत निळी दिसते. जिवंत राहून ती दाहकारक द्रव्ये सोडते आणि शेजारच्या धडधाकट पेशींनाही बिघडवते. हा भाग सर्वांत चिंतेचा.

त्यातच या मूलपेशींचे घरही आवळत जाते. दंतिन, म्हणजे दंतगराभोवतीचा दाताचा कठीण थर, आयुष्यभर आतून साचत राहते, पोकळी अरुंद होते, रक्तवाहिन्या घटतात, तंतू वाढतात. आणि मूलपेशींचा मुक्काम तर रक्तवाहिन्यांलगतच असतो. इंदूरच्या कुठल्याही दवाखान्यात नातवाचा आणि आजोबांचा एक्स-रे शेजारी लावला, तर हा फरक डोळ्यांनी दिसतो : एकाची पोकळी रुंद, दुसऱ्याची दोऱ्याएवढी. आजोबांच्या रूट कॅनालमध्ये सफाईची बारीक सुईसारखी फाइलही अडते ती यामुळेच. कोवळ्या दाताच्या मुळाचे टोक उघडे असते, रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून खोल कीड लागूनही तो सावरण्याची शक्यता जास्त.

प्रयोगशाळेतही पेशी म्हाताऱ्या होतात. मूलपेशींच्या उपचारापुरती संख्या मिळवण्यासाठी त्या पुन्हापुन्हा वाढवाव्या लागतात आणि प्रत्येक फेरीत त्यांची ताकद खर्च होते. त्यामुळे पेशी देणारा तरुण आहे एवढ्यावर भागत नाही; पेशी किती फेऱ्या वाढवल्या, हेही विचारायला हवे.

इंदुरात शासकीय दंत महाविद्यालय १९६१ पासून आहे. तरीही रामबाग, नारायणबागेतल्या मराठी घरांत पडलेला दुधाचा दात आजही कुणी उंदरासाठी ठेवते, कुणी छपरावर फेकते. असा वाळलेला दात पेशींच्या दृष्टीने निरुपयोगी. त्या जिवंत हव्यात तर दात सुकण्याआधीच प्रयोगशाळेत पोचायला हवा. मात्र मुलाचे दात पैसे भरून साठवण्याची घाई पालकांनी करू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्यावसायिक साठवणुकीची मुभा फक्त नाळेतील रक्ताला आहे, दंतगराला नाही.