गच्चीवरचं सोलर: अर्ज भरण्याआधी बिलावरचं नाव बघा

डिसेंबर लागला की आमच्या नागपुरात मानेवाड्याकडच्या लेआउटांत सकाळी सहालाच अंगणातले बंब धुपायला लागतात. लाकडं, फळ्या, कधी कधी तर तुटकी प्लॅस्टिकची खुर्चीसुद्धा आत जाते. ज्यांच्याकडे गिझर आहे त्यांच्या अंगणात धूर नसतो, पण त्यांच्या वाट्याचा धूर कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांची धुराडी सोडतातच. वीस लिटरची बादली १८ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण पाऊण युनिटच्या आत-बाहेर वीज लागते. चार माणसांचं घर असेल तर हिवाळ्यात महिन्याला सत्तर-ऐंशी युनिट नुसते आंघोळीत जातात.

ही वीज गच्चीवर तयार करायची, तर सध्या केंद्राची पीएम सूर्यघर मोफत वीज योजना आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली. एक कोटी घरं हे लक्ष्य, ७५,०२१ कोटींची तरतूद आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. एक घोळ आधीच निस्तरतो, कारण दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच: पाणी तापवायचं सोलर वेगळं, विजेचं सोलर वेगळं. काचेच्या नळ्या आणि वर टाकी असलेल्या वॉटर हीटरला या योजनेतून पैसे मिळत नाहीत. अनुदान मिळतं ते वीज बनवणाऱ्या पॅनलना.

पात्रतेच्या अटी चारच आहेत. अर्जदार भारतीय नागरिक हवा. पॅनल बसतील असं छत असलेलं घर स्वतःच्या मालकीचं हवं. घरगुती वीजजोडणी चालू हवी. आणि सोलरचं अनुदान याआधी घेतलेलं नसावं. भाडेकरूला अर्ज करता येत नाही. फ्लॅटवाल्यांनी गच्चीचा हक्क कुणाचा, ते आधी सोसायटीत मिटवावं. सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी वेगळं अनुदान आहे: किलोवॅटमागे (पॅनलच्या क्षमतेचं माप) १८,००० रुपये, घरामागे ३ किलोवॅट धरून जास्तीत जास्त ५०० किलोवॅटपर्यंत.

आता नावाचं. आमच्या घरी आबाजी जाऊन नऊ वर्षं झाली, पण वीजबिल अजून त्यांच्याच नावानं येत होतं. दर महिन्याला भरलं की झालं, नाव कोण बघतो! सोलरवाला म्हणाला, "नावाचं नंतर बघून घेऊ, काका." पॅनल बसले, नेट मीटर (घेतलेली आणि तारेत परत सोडलेली अशी दोन्ही वीज मोजणारं) लागलं, आणि अनुदानाची वेळ आली तेव्हा बिलावर आबाजी, बँक पासबुकावर आई. चार महिने पैसे अडकून राहिले. पोर्टल ग्राहक क्रमांकावरून बिलावरचंच नाव उचलतं, हे तेव्हा कळलं.

म्हणून पोर्टल उघडण्याआधी ताजं बिल हातात घ्या. वरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, त्यावरचं नाव, आणि आधार व पासबुकावरचं नाव असं तिन्ही जुळवून बघा. 'रामचंद्र' आणि 'रामचंद्रराव' एवढा फरकही पुढे त्रास देतो. नाव बदलायचं असेल तर महावितरणकडे अर्ज करताना मालकीचा कागद (इंडेक्स-२ म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, किंवा घरटॅक्सची पावती) लागतो. मूळ ग्राहक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना-हरकत तयार ठेवा. दोन भावांचं पटत नसेल तर खरा वेळ या ना-हरकतीतच जातो, महावितरणच्या कचेरीत नाही. थकबाकी असेल तर तीही याच वेळी भरून टाका.

किती किलोवॅट घ्यायचं? महिन्याला दीडशे युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट, दीडशे ते तीनशेला २ ते ३. एक किलोवॅटला सावली नसलेली सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. पाण्याची टाकी किंवा शेजाऱ्याचा वरचा मजला कुठे सावली टाकतो, ते सकाळी नऊला आणि दुपारी चारला स्वतः गच्चीवर जाऊन बघा. कोटेशन देणारा बहुधा बारा वाजता येतो. हिशेब बिलावरच्या वर्षभराच्या आलेखावरून करा, कारण नागपुरात एकट्या जानेवारीचं बिल फसवतं. मे महिन्यात दोन कूलर रात्रभर चालतात तेव्हा खरा आकडा दिसतो. आणि ऊन ४५ अंशांवर गेलं म्हणून वीज जास्त मिळेल, असंही समजू नका. पॅनल तापलं की त्याचं उत्पादन थोडं घसरतं.

अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये आहे. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० रुपये. त्यावर कितीही मोठा संच बसवा, रक्कम तीच राहते. पॅनल भारतात बनलेल्या सेलचे (पॅनलमधले वीज बनवणारे चौकोनी तुकडे) असले तरच अनुदान मिळतं, त्यामुळे स्वस्त कोटेशन आलं की हे आधी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचं कोटेशन कुणी पुढे करत असेल तर नवं मागा.

वापर अगदी कमी असलेल्या घरांसाठी राज्य सरकारची 'स्मार्ट' योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि १०० युनिटच्या आत वापर असलेल्या ग्राहकांना ती १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर आणखी रक्कम देते: दारिद्र्यरेषेखाली १७,५००, अनुसूचित जाती-जमातींना १५,०००, सर्वसाधारण गटाला १०,०००. अट अशी की ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात एकाही महिन्यात वापर १०० च्या वर गेलेला नसावा. इथेच आपला कूलर आडवा येतो. अकरा महिने साठ-सत्तर युनिट आणि मे महिन्यात एकशे वीस, अशी कितीतरी घरं निव्वळ उन्हाळ्यामुळे बाहेर राहतात. माझ्या मते नागपूर-चंद्रपूरसाठी या अटीत सवलत हवी होती.

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइलच्या ओटीपीने होतो. राज्य, जिल्हा, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकून बिल अपलोड करायचं. १० किलोवॅटपर्यंतच्या संचाला वेगळ्या तांत्रिक मंजुरीची वाट बघावी लागत नाही. त्यानंतर नोंदणीकृत विक्रेता निवडून त्याच्याशी करार करायचा. पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडेच असते, ती करारात लिहिलेली आहे का ते वाचा. संच बसला की त्याची माहिती पोर्टलवर जाते, महावितरणचे लोक तपासणी करून नेट मीटर लावतात आणि संच कार्यान्वित झाल्याचा अहवाल निघतो. त्यानंतर बँकेचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश भरायचा. अनुदान तुमच्याच खात्यात येतं. "ते आमच्या खात्यात घ्या, किंमत कमी करतो" असं कुणी म्हणालं तर दुसरा विक्रेता बघा. कर्ज हवं असेल तर ३ किलोवॅटपर्यंत तारण न घेता बँका देतात, त्याचा अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो. अडलं तर योजनेची मदतवाहिनी १५५५५ आणि महावितरणची १९१२.

बिल शून्य येईल, ही आशा मात्र सोडा. स्थिर आकार राहतोच. सकाळी सहाला गिझर लावता तेव्हा सूर्यही उगवलेला नसतो. ती वीज तारेतूनच येते आणि दुपारी तुम्ही तारेत सोडलेल्या युनिटांतून वळती होते. कोराडी, नारा, खापरखेड्याकडे राहणाऱ्यांनी पंधरा दिवसांतून एकदा पॅनल धुवावेत. तिकडे बोट फिरवलं तर राखेची रेघ उमटते.

घरात आयटीआय झालेलं पोरगं असेल तर या कामात रोजगारही आहे. योजनेतून देशभरात सुमारे १७ लाख थेट रोजगार होतील, असा सरकारचा अंदाज आहे. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा 'सूर्यमित्र' हा ६०० तासांचा प्रशिक्षणक्रम वीजतंत्री, तारतंत्री, फिटर अशा ट्रेडच्या मुलांसाठी आखलेला आहे. वय १८ पूर्ण हवं. दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचं प्रमाणपत्र, आधार आणि फोटो एवढी फाइल करून ठेवा. राज्याच्या महास्वयं पोर्टलवर रोजगारासाठी नावही आत्ताच नोंदवा, तिथला नोंदणी क्रमांक पुढे लागतो.

आमच्या गच्चीवर आलेला मुलगा पॅनलपेक्षा जास्त वेळ अंगणात होता. अर्थिंगचे तीन खड्डे घ्यायचे होते: एक पॅनलच्या बाजूचा, एक घराच्या पुरवठ्याचा, एक आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा. त्याचा मुकादम एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडायला सांगत होता. त्यानं ऐकलं नाही. काळ्या मातीत पहार मारत राहिला आणि आईला म्हणाला, "मावशी, पाणी टाकत जा यात, उन्हाळ्यात खासकरून."