नळावरचा पांढरा थर आणि पायाखालची शहाबादी

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या की आमच्या लातूरच्या घरी माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात. समया, घागरी, ताटं, पंचपाळं, सगळं काळवंडलेलं. यंदा त्यांच्याआधी माझ्या हातात आला पाणी तापवायचा रॉड. कॉइलच्या वेढ्यांमधली फट बुजून गेली होती, वर करड्या-पांढऱ्या थराची जाड साल चढलेली. एक टवका निघाला तो उजेडात धरून पाहिला. कडेला एकावर एक बारीक रेषा होत्या, पापुद्र्यावर पापुद्रा बसावा तशा. मी बत्त्याने ठोकणार एवढ्यात आई म्हणाली, "ठोकायलास काय? मागच्या साली असाच ठोकला अन् जळाला." तिचं बरोबर होतं. ठोकण्याने कॉइलच्या बाहेरच्या नळीला चीर जाते, आत पाणी शिरतं आणि रॉड शॉक द्यायला लागतो.

किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, म्हणजे सायट्रिक अॅसिड. अर्धा लिटर कोमट पाण्यात त्याचा एक मोठा चमचा विरघळवला आणि प्लगपासून वेगळा केलेला रॉड उंच प्लास्टिकच्या जगमध्ये उभा केला. तळापासून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागल्या. दोन तासांनी थर भिजलेल्या खडूसारखा मऊ झाला होता आणि जुन्या टूथब्रशने निघून आला.

खडूसारखा म्हणालो, कारण तो जवळपास खडूच असतो. मराठवाड्याच्या पोटात बेसाल्टचा काळा खडक आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर सांडलेल्या लाव्हाचा हा दगड, ज्यात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली आहेत. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर, आणि वरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि जाता जाता हे कॅल्शियम विरघळवून सोबत नेतं. पाचशे-सातशे फुटांवरून बोअरने आपण ते पाणी वर ओढतो आणि तापवतो. तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मग विरघळलेलं कॅल्शियम पाण्यात राहू शकत नाही. ते कॅल्शियम कार्बोनेट होऊन जिथे सगळ्यात जास्त उष्णता आहे तिथेच बसतं. रॉडवर, गिझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्याच्या तळाशी.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणायचे, ज्याला फेस येत नाही ते. आपण जड पाणी म्हणतो. तूर डाळ तासभर शिजवूनही दाणा दाणा राहते तीही याच कॅल्शियममुळे, कारण ते डाळीच्या पेशींना जोडणारं पेक्टिन नावाचं चिकट द्रव्य घट्ट धरून ठेवतं.

एक हिशेब मांडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. ६०० मिलिग्रॅमचं पाणी धरलं तर दहा लिटरच्या बादलीत सहा ग्रॅम मुरलेला चुना झाला. त्यातला दहावा हिस्सा जरी रॉडवर बसला आणि घरात रोज चार बादल्या तापल्या, तरी वर्षाला पाऊण किलोच्या वर थर होतो. म्हणूनच वर्षात एकदा घासून भागत नाही. शिवाय हा थर उष्णता अडवतो. पाणी उशिरा तापतं, वीज जास्त जाते आणि कॉइल आतल्या आत जास्त तापून लवकर जाते. महिन्याला एकदा, थर पातळ असतानाच, रॉड लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवला तर तासाभरात काम होतं. पाणी कोमटच असू द्यावं. उकळत्या पाण्यात कॅल्शियम सायट्रेट नावाचा दुसराच पांढरा साका बसायला लागतो, कारण तो गरम पाण्यात कमी विरघळतो.

नळाच्या तोंडावर लिंबाची फोड चोळून लगेच पुसून टाकली तर काही होत नाही, तेही याच हिशेबात बसतं. एका कागदी लिंबाच्या रसात जेमतेम एखादा ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं आणि एवढं आम्ल साधारण तेवढाच थर विरघळवतं. दहा ग्रॅम थर असेल तर डझनभर लिंबं लागतील. चार टक्क्यांचं व्हिनेगर घेतलं तर तीनशे मिलीलिटर. त्यापेक्षा लिंबूसत्व स्वस्त आणि दमदार. आणि आम्लाला वेळ द्यावा लागतो. कपडा त्या पाण्यात भिजवून नळाभोवती गुंडाळायचा, अर्धा तास सोडून द्यायचा, मग धुऊन कोरडं करायचं. हे शेवटचं कोरडं करणं फार महत्त्वाचं. थेंब नळावरच वाळला की पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो ती. रॉड बाहेर काढताना जगमधलं थोडं पाणी स्वयंपाकघराच्या फरशीवर सांडलं. मी म्हटलं पुसू नंतर. रात्री पुसलं तेव्हा गुळगुळीत करड्या शहाबादीवर तळहाताएवढा निस्तेज डाग पडला होता. बोट फिरवलं तर तेवढाच भाग खरखरीत लागत होता. तो आजही तिथे आहे आणि कोणत्याही साबणाने जात नाही, कारण तो डाग नाहीच. तिथला दगड खाल्ला गेला आहे.

शहाबादी म्हणजे शेजारच्या कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा चुनखडक. ओट्याचा काळा कडप्पा, तोही चुनखडक. कोटा फरशी तीच, देव्हाऱ्यातला संगमरवर त्याच जातीचा. म्हणजे रॉडवर बसलेला आणि आपल्याला नकोसा झालेला पदार्थ, आणि ज्यावर आपण मांडी घालून जेवतो ती फरशी, रसायनाच्या दृष्टीने एकच. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाला यातला आपला कोणता आणि नको असलेला कोणता, हे कळायचा मार्ग नाही. 'फरशी पुसायच्या पाण्यात व्हिनेगर घाला' हा सल्ला सिरॅमिकच्या टाइल्ससाठी ठीक आहे, ग्रॅनाइटच्या दगडालाही आम्ल सहसा असं खात नाही. पण मराठवाड्यातल्या कित्येक जुन्या घरांत पायाखाली शहाबादी आहे, आणि हा सल्ला देणाऱ्याने ती कधी पाहिलेली नसते. तुमचा ओटा कशाचा ते माहीत नसेल तर गॅसच्या शेगडीखालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसून तिरक्या उजेडात बघा. चकाकी गेली असेल तर तिथे चिंच, लिंबू, व्हिनेगर, ताक काहीही सांडू देऊ नका. अशा फरशीला साधं पाणी आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड पुरतं.

चिंच भांड्यांसाठी मात्र उत्तम, आणि पितळ चिंचेनेच घासायचं हा आईचा हट्ट खरा आहे. तांब्या-पितळेवरची काळपट साय म्हणजे मुख्यतः तांब्याचं ऑक्साइड, आणि चिंचेतलं टार्टारिक आम्ल ते विरघळवतं. सोबत मीठ घेतलं की मिठातला क्लोराइड सुट्या झालेल्या तांब्याला धरून ठेवतो, त्यामुळे काम झरझर होतं. आईने चिंचेचा कोळ मिठासकट घागरीवर फिरवला तेव्हा तिच्या बोटांमागे गुलाबी-सोनेरी पट्टे उमटत गेले आणि कोळ हिरवट-काळा होत गेला. तो हिरवा रंग विरघळलेल्या तांब्याचा. एक काळजी घ्यावी लागते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कोळ लावून भांडं तासन्‌तास तसंच ठेवलं तर जस्त आधी निघून जातं आणि पितळेवर गुलाबी चट्टे पडतात. चोळा, धुवा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा.

कुकरमध्ये शिट्ट्या देताना बुडाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाकायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. तीही शहाण्या माणसाने सुरू केलेली आहे. जड पाणी किंचित अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, असतं आणि उकळताना ते अॅल्युमिनियमला काळं करतं. फोडीतलं आम्ल पाणी आंबट ठेवतं आणि काळेपणा धरू देत नाही.

आंबट जिथे हात टेकतं तिथे दुसऱ्या बाजूची सामग्री लागते, आणि ती म्हणजे राख आणि सोडा. गॅसमागच्या टाइल्सवर आणि एक्झॉस्ट फॅनवर जो पिवळा चिकट थर बसतो त्याला लिंबू काही करत नाही. आपल्याकडे पूर्वापार करडईचं तेल. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचं प्रमाण फार मोठं असतं. असं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा चिवट पडदा होतो. ज्या गुणामुळे करडईचं तेल रंग-वॉर्निशच्या धंद्यात वापरतात, तोच हा गुण. सोयाबीनचं तेलही थोडं याच वळणाचं. म्हणजे फोडणीच्या वाफेने आपण वर्षभर भिंतीला तेलाचा रंगच देत असतो, आणि तो पुसून निघत नाही, तोडावा लागतो. हे तोडायचं काम अल्कली करते. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याच्या गरम पाण्यात फडका भिजवून टाइल्सवर वीस मिनिटं चिकटवून ठेवला की तेलाचा काही भाग साबण होतो आणि उरलेला सैल पडतो. हातात रबरी मोजे हवेत, कारण हा सोडा हाताच्या कातडीचं तेलही तसंच काढतो. फॅनची पाती अॅल्युमिनियमची असतील तर तिथे धुण्याचा सोडा नको, तो अॅल्युमिनियम खातो.

चुलीतली राख हेच काम आणखी जुन्या काळापासून करत आली. आमच्या आजोळी बंबात पऱ्हाट्या आणि तुराट्या जळायच्या, आणि बंबातली ती मऊ राख खरकटं घासायला निघायची. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तेलाला धरतं, आणि सिलिकाची बारीक पूड असते, ती घासते. १८०७ साली हम्फ्री डेव्ही यांनी अशाच राखेपासून मिळणाऱ्या पोटॅशमधून एक नवा धातू वेगळा केला. त्याचं पोटॅशियम हे नावच भांड्यातल्या राखेवरून पडलं आहे.

बहिणीने दाखवलेल्या व्हिडिओत सिंकमध्ये खाण्याचा सोडा पसरून वर व्हिनेगर ओततात, आणि फसफसून फेस येतो. तो फेस डोळ्यांना फार पटतो. पण आंबट आणि खारं एकमेकांना भिडले की दोघांचंही बळ जातं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे उरतं सोडियम अॅसिटेट मिसळलेलं पाणी, जे धड चुनाही विरघळवत नाही आणि धड तेलही तोडत नाही. तेल असेल तर आधी सोडा, तो धुऊन टाकून मग लागलंच तर आंबट. वेगवेगळ्या वेळी दोघेही उपयोगी आहेत, एका वेळी नाहीत.

हे चुकलं तर चमचाभर सोडा वाया जाईल, एवढंच. पुढची चूक मात्र जिवावर बेतते. संडास चकाचक करायच्या नादात लोक ब्लीच आणि टॉयलेटचं अॅसिड एकत्र ओततात. गावाकडे ग्रामपंचायतीकडून आलेली टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घरात असते, तीही वर टाकतात. आम्ल आणि ब्लीच भेटले की क्लोरीन वायू सुटतो, जो पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच. लिंबूसत्व आणि व्हिनेगरही आम्लंच आहेत, त्यांनीही हेच होतं. हा वायू हवेच्या अडीच पट जड, त्यामुळे खाली साचतो, आणि बंद संडासात बसून घासणाऱ्याचं तोंड नेमकं तिथेच असतं. डोळे चुरचुरले, घसा आवळला, तर नाकाला पदर लावून काम उरकू नका. सगळं तसंच टाकून उघड्यावर या, दुसऱ्या कुणाला आत जाऊ देऊ नका, आणि खोकला किंवा दम थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवूच नका, हे मी घरी हट्टाने करवून घेतलं आहे.

राहिलं धुणं. जड पाण्यात साबणाच्या वडीला फेस येत नाही, कारण साबणाचं पहिलं काम कॅल्शियमशी भांडणं हेच होऊन बसतं. त्यातून जो चिकट साका होतो तोच बादलीच्या काठाला करडी रेघ बनून बसतो आणि पांढऱ्या धोतराला मळकट छटा देतो. जुन्या बायका धुण्याच्या बादलीत आधी सोडा टाकायच्या, मग साबण. सोडा कॅल्शियमला खाली बसवतो आणि साबण कपड्यासाठी मोकळा राहतो. रिठ्याला हे भांडण नाही, त्यातलं सॅपोनिन कॅल्शियमशी साका करत नाही. अनेक धुण्याच्या पावडरींत सोड्याच्या जोडीला झिओलाइट नावाचा खनिजासारखा पदार्थ असतो. हा कारखान्यात बनवलेला असतो खरा, पण त्याचे नैसर्गिक भाऊबंद आपल्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांच्या रूपात वाढतात. त्याच्या जाळीदार घडणीत सोडियम असतं. तो कॅल्शियम आत ओढतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. ज्या खडकाने पाणी जड केलं, त्याच खडकात ते हलकं करायची युक्तीही वाढलेली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुमच्या घरचं पाणी किती जड आहे ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मी दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन गच्चीवर पातेल्यात धरलेलं पावसाचं. दोन्हींत धुण्याच्या साध्या साबणाचा वाटाण्याएवढा तुकडा किसून टाकला आणि विसापर्यंत मोजत हलवलं. पावसाच्या बाटलीत चार बोटं फेस उभा राहिला आणि बराच वेळ मोडला नाही. बोअरच्या बाटलीत पाणी दुधाळ झालं, वर पांढऱ्या कण्या तरंगल्या, फेस नाही. आईने दोन्ही बाटल्या हातात घेऊन निरखल्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते वर्ष तिला चांगलं आठवतं; तेव्हापासून आमच्याकडे एक थेंब वाया जात नाही. तिने पावसाच्या बाटलीतलं साबणाचं पाणी समईच्या नक्षीत ओतलं, ब्रश फिरवला, आणि म्हणाली, "गच्चीवर आज अजून दोन पातेली लाव, ढग यायलेत."