ल्यूटनची ‘डार्ट’: चार मिनिटांचा प्रवास, तेवीस वर्षांची वाट

लंडनहून ल्यूटन विमानतळासाठी रेल्वेचं तिकीट काढायला गेलं की दोन नावं समोर येतात: ‘ल्यूटन एअरपोर्ट’ आणि ‘ल्यूटन एअरपोर्ट पार्कवे’. विमान गाठायच्या घाईत असलेल्या माणसाला ती एकच वाटतात, पण तशी ती नाहीत. पार्कवे हे रेल्वे स्टेशन आहे आणि टर्मिनल तिथून दोनेक किलोमीटर लांब, चढावर आहे. पार्कवेचं तिकीट स्टेशनवर संपतं. ‘ल्यूटन एअरपोर्ट’च्या तिकिटात मात्र पुढचा तुकडाही धरलेला असतो. हे ठाऊक नसलेला प्रवासी पार्कवेला उतरतो, बॅगा ओढत पुढच्या गाडीपाशी येतो, आणि आपण विमानतळापर्यंतचे पैसे अजून भरलेलेच नाहीत हे त्याला तिथे कळतं.

हा पुढचा तुकडा म्हणजे ‘डार्ट’, डायरेक्ट एअर-रेल ट्रान्झिट. मार्च २०२३मध्ये ती लोकांसाठी सुरू झाली. तिला झालेला उशीर आणि तिच्या तिकिटावरून झालेला वाद समजून घ्यायचा, तर १९९९पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पार्कवे स्टेशन उघडलं. तोवर रेल्वेने येणाऱ्याला ल्यूटन गावातल्या स्टेशनवर उतरून विमानतळ गाठावा लागे. नवं स्टेशन बरंच जवळ आलं, पण टर्मिनलच्या दारात काही आलं नाही. मधलं अंतर बसवर सोपवलं गेलं. बस ही तात्पुरती सोय वाटत होती, पण तिने दोन दशकांहून जास्त काळ ते काम केलं. रेल्वेच्या तिकीट यंत्रणेत ‘ल्यूटन एअरपोर्ट’ हे नाव आलं तेही या बसमुळेच. तिथे रूळ नव्हते, होता तो बसथांबा. तरी तिकिटावर त्याला स्टेशनासारखं नाव मिळालं, आणि रेल्वेच्या भाड्यात बसचं भाडं मिसळून थेट तिकीट विकलं जाऊ लागलं. दोन नावांचा गोंधळ तेव्हापासूनचा आहे. डार्ट आली ती याच जुन्या चौकटीत बसवली गेली.

ल्यूटनची खरी गोम मालकीत आहे. हा विमानतळ १९३८मध्ये महापालिकेचा म्हणून उघडला आणि आजही मालकी ल्यूटन कौन्सिलच्या कंपनीकडे आहे. त्या कंपनीचं आताचं नाव ‘ल्यूटन रायझिंग’. रोजचा कारभार मात्र १९९८पासून करारावर एका खासगी कंपनीकडे आहे. पार्कवेला थांबणाऱ्या गाड्या आणखी वेगळ्या कंपन्यांच्या: थेम्सलिंक आणि ईस्ट मिडलंड्स रेल्वे. म्हणजे एक प्रवासी, एक बॅग आणि एक विमान, पण वाटेत पैसे घेणारे हात तीन-चार. विमानतळाच्या उत्पन्नावर कौन्सिलच्या सेवा आणि गावातल्या संस्थांना मिळणारी मदत अवलंबून असल्यामुळे कौन्सिलला विमानतळ वाढायला हवा होता. स्टॅन्स्टेड आणि गॅटविक या लंडनच्या दुसऱ्या विमानतळांवर रेल्वे थेट टर्मिनलपाशी येते. त्यांच्याशी स्पर्धा असताना बसची रांग हा ल्यूटनचा कमकुवत दुवा होता.

डार्टचं बांधकाम २०१८मध्ये सुरू झालं. खर्चाचा आकडा सांगितला गेला २२.५ कोटी पौंड आणि लक्ष्य होतं २०२१. मार्ग जेमतेम २.१ किलोमीटर, पण सरळ नाही. विमानतळाकडे जाणारा मोठा रस्ता पुलावरून ओलांडायचा, मग जमिनीखालून जायचं, तेही विमानं ज्या टॅक्सीवेवरून सरकतात त्याच्या खालून, आणि हे सगळं चढणीवर. यासाठी केबलने ओढली जाणारी चालकविरहित गाडी निवडली गेली. ती पुरवणारी ऑस्ट्रियाची डॉपलमायर कंपनी डोंगरांवरच्या रोपवेसाठी प्रसिद्ध आहे. अशा गाडीच्या डब्याखाली तिला ओढणारी मोटर नसते. मोटर असते मार्गालगतच्या एका खोलीत, मोठ्या चाकावर. त्या चाकावरून पोलादी दोर फिरतो आणि डब्याने तो दोर घट्ट पकडलेला असतो. डबा हलका राहतो, चढणीवर चाकं घसरायची भीती नसते. दोन ठरावीक टोकांमध्ये दिवसभर येरझारा घालायला हे तंत्र चांगलं, आणि निवड योग्यच होती असं मला वाटतं.

ते आजमावलेलंही होतं. बर्मिंगहॅममध्ये १९८४ साली स्टेशन ते विमानतळ अशी चुंबकीय बळावर तरंगणारी मॅग्लेव्ह गाडी सुरू झाली होती, सुमारे ६०० मीटरची. जगात अशी दुसरी गाडी नसल्यामुळे तिचे सुटे भाग मिळेनात, दुरुस्ती महाग पडू लागली आणि १९९५मध्ये ती बंद झाली. मग काही वर्षं बस धावली. २००३मध्ये त्याच मार्गावर केबलची गाडी आली, तीही डॉपलमायरचीच. ल्यूटनच्या संदर्भात एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवायला हवी: बर्मिंगहॅमची ती गाडी फुकट आहे. तिकीट नाही, त्यामुळे तिकिटाचा वादही नाही.

२०२० उजाडलं आणि ल्यूटनचं गणित कोसळलं. २०१९मध्ये या विमानतळावरून सुमारे १ कोटी ८० लाख प्रवाशांनी ये-जा केली होती. २०२०मध्ये हा आकडा ५५ लाखांच्या आसपास आला. विमानतळाचं उत्पन्न आटल्याने कौन्सिलला त्या जुलैत आणीबाणीचं अंदाजपत्रक मांडून सेवांमध्ये कपात करावी लागली. डार्टचं काम तेव्हा अर्ध्यावर होतं. पूल आणि बोगदा अर्धवट टाकून देता येत नाही, म्हणून काम चालू राहिलं, पण टाळेबंदीचे नियम पाळत आणि कमी माणसांत. २०२१ निघून गेलं, मग २०२२सुद्धा.

६ डिसेंबर २०२२ला राजे चार्ल्स ल्यूटनला आले आणि डार्टमध्ये बसून गेले. छायाचित्रं सगळीकडे झळकली. गाडी तयार आहे, राजा तिच्यातून फिरलाय, आणि सामान्य प्रवासी मात्र खाली बसच्या रांगेत, हे दृश्य लोकांना खटकलं. मला यात यंत्रणेची बाजू घ्यावीशी वाटते. चालक नसलेली गाडी एकदा नीट धावली म्हणून लोकांसाठी खुली करता येत नाही. दारं, ब्रेक, आपत्कालीन थांबा, वीज गेल्यावर बोगद्यातून माणसं बाहेर काढणं, हे सगळं पुन्हा पुन्हा तपासावं लागतं आणि कर्मचाऱ्यांच्या हाती ती सवय यावी लागते. तीन महिने गेले ते त्यात गेले असतील तर गैर काही नाही. १० मार्च २०२३ला गाडी लोकांसाठी उघडली, तीही आधी दिवसातले काही तासच. २७ मार्चपासून ती चोवीस तास धावू लागली. खर्च तोवर ३० कोटी पौंडांच्या घरात गेला होता.

तिकिटाच्या बाबतीत मात्र मी इतका समजूतदार होऊ शकत नाही. एका फेरीचं भाडं ठरलं ४.९० पौंड. प्रवास चार मिनिटांहून कमी, आणि आधीची बस याच्या सुमारे निम्म्यात नेत होती. ल्यूटनचे रहिवासी आणि विमानतळावर काम करणारे यांना सवलत मिळाली, ते योग्यच झालं. बाकी सगळ्यांसाठी ही वाढ होती, आणि बस गेल्याने स्वस्त पर्यायही गेला. अवजड बॅग घेऊन ती चढण पायी कोण चढणार? गाडी बांधायला कौन्सिलने कर्ज काढलं, कर्ज फेडायचं तर भाडं हवं, हा हिशेब समजतो. पण स्टेशन आणि टर्मिनल यांच्यामधला तो तुकडा प्रवाशाने हौसेने निवडलेला नसतो. स्टेशन टर्मिनलपासून लांब बांधलं गेलं, त्याची भरपाई त्याच्याकडून घेतली जाते.

ही अडचण एकट्या ल्यूटनची नाही. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये मेट्रोचं स्टेशन आणि विमानतळ यांच्यामध्ये ‘एअरबार्ट’ ही बस ३ डॉलरमध्ये धावत होती. तिच्या जागी केबलची गाडी बांधायचं ठरलं, आणि वाटेत केंद्र सरकारचा ७ कोटी डॉलरचा निधी २०१०मध्ये हातचा गेला, कारण गरीब आणि अल्पसंख्याक प्रवाशांवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास नीट केलेला नव्हता. नोव्हेंबर २०१४मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा भाडं होतं ६ डॉलर, बसच्या दुप्पट. पण तिकिटाची रचना त्यांनी चांगली केली. मेट्रोचंच कार्ड पुढे चालतं आणि तपासणीची गेटं फक्त विमानतळाच्या टोकाला आहेत, त्यामुळे मध्ये गाडी बदलताना प्रवाशाला वेगळं काही काढावं लागत नाही. कॅनडातल्या टोरोंटोने उलटा धडा घेतला. तिथली विमानतळ रेल्वे जून २०१५मध्ये २७.५० कॅनेडियन डॉलर भाड्याने सुरू झाली, डबे रिकामे धावू लागले, आणि नऊच महिन्यांत, मार्च २०१६मध्ये, भाडं १२ डॉलरवर आणावं लागलं.

ल्यूटनला असं एकसंध तिकीट जमलं नाही, कारण डार्ट राष्ट्रीय रेल्वेच्या जाळ्यात मोडत नाही. थेट तिकिटात तिचे पैसे वरून जोडले जातात. आधी तिकीट काढून येणाऱ्याचं त्यात निभावतं. अडतो तो बँकेचं कार्ड टेकवून प्रवास करणारा, आणि लंडनमध्ये आता बहुतेक जण तसंच करतात. पार्कवेला कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, लंडनचं ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड चालत नाही. डार्टवरही कॉन्टॅक्टलेस चालतं, पण हिशेब वेगळा. लंडनमधून कार्ड टेकवून निघालेल्या माणसाचा रेल्वेचा प्रवास पार्कवेच्या गेटवर बंद होतो, आणि काही पावलांवर तेच कार्ड पुन्हा टेकवलं की डार्टचे पैसे निराळे कापले जातात. डार्ट सुरू झाली त्याच सुमारास ईस्ट मिडलंड्स रेल्वेने आपल्या गाडीला ‘ल्यूटन एअरपोर्ट एक्स्प्रेस’ असं नाव दिलं आणि लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून विमानतळ ३२ मिनिटांत अशी जाहिरात केली. त्या ३२ मिनिटांमध्ये डार्टची मिनिटं धरलेली आहेत.