ताडोबाची सफारी: प्रवेश परवाना, आरक्षण आणि कागदपत्रे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात सर्वसामान्य व्यक्तीला परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावर आपण सफारीचे जे आरक्षण करतो, ते याच कायद्याखाली मिळणारी प्रवेशाची परवानगी असते. ती नावानिशी दिलेली असते आणि विशिष्ट दिनांक, विशिष्ट प्रवेशद्वार व सकाळची किंवा दुपारची फेरी यांच्याशी बांधलेली असते.

त्यामुळे आधी प्रवेशद्वार ठरवावे आणि मगच मुक्कामाची जागा पाहावी. बरेच जण नेमके उलट करतात. मोहर्ली द्वार चंद्रपूरच्या बाजूला आहे, तर कोलारा चिमूरच्या बाजूला. मोहर्लीत राहून कोलाऱ्याची पहाटेची फेरी गाठणे म्हणजे लहान मुलांचे आणि वृद्धांचे विनाकारण हाल करणे होय.

द्वार निवडताना ते गाभा क्षेत्राचे (जंगलाचा आतला, अधिक कडक संरक्षण असलेला भाग) आहे की बफर क्षेत्राचे (गाभ्याभोवतीचा पट्टा), हेही पाहावे लागते. गाभा क्षेत्र पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात, पर्यटनासाठी बंद असते. बफरमधील काही द्वारे त्या काळातही सुरू राहतात. मंगळवार हा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. गाभ्यातील जागा लवकर संपतात, यामागे ठोस कारण आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनाला काही काळ स्थगिती दिली होती. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरण्याची मर्यादा घातली आणि आत सोडायच्या वाहनांची संख्याही जंगलाच्या वहनक्षमतेवर, म्हणजे जंगलाला किती वर्दळ सोसते यावर, ठरू लागली. ही मर्यादा पर्यटकाला जाचक वाटली, तरी वाघाच्या दृष्टीने ती आवश्यकच आहे.

अर्जासाठी वेगळी पात्रता लागत नाही. मात्र परदेशी नागरिकांसाठी शुल्क अधिक असते आणि त्यांना पारपत्राचा तपशील द्यावा लागतो. भारतीय पर्यटकांना आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांसारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र चालते. अर्जात नाव आणि क्रमांक ओळखपत्रावर आहे तसाच, अक्षर न अक्षर जुळवून भरावा, कारण द्वारावर त्याच मूळ ओळखपत्राशी पडताळणी होते. एका जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) चालक व मार्गदर्शक वगळता सहा पर्यटक बसतात आणि मार्गदर्शक सोबत घेणे बंधनकारक आहे. रद्द करण्याच्या व परताव्याच्या अटी रक्कम भरण्यापूर्वीच वाचाव्यात. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, म्हणून आरक्षणाची छापील प्रत जवळ ठेवावी.

संशोधन किंवा चित्रीकरण करायचे असल्यास मात्र पर्यटकाचे आरक्षण पुरत नाही. त्यासाठी हेतू, कालावधी आणि सोबतच्या व्यक्तींचा तपशील देऊन वन विभागाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि लेखी परवानगी हाती आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही.