डोंगर उतरताना वाळणारा वारा

आपल्याकडे वणवा म्हटलं की फाल्गुन-चैत्र आठवतो. लॉस एंजेलिसमध्ये मात्र 7 जानेवारी 2025 ला, ऐन हिवाळ्यात, आगी भडकल्या. पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींत मिळून 16 हजारांहून अधिक घरं-इमारती जळाल्या. त्या दिवशी उकाडा नव्हताच. वणव्याचं हवामान ओळखायला नुसता पारा बघून चालत नाही. वारा कुठून येतोय आणि हवेत ओल किती, हे आधी बघावं लागतं.

दक्षिण कॅलिफोर्नियात एरवी दमट वारा येतो तो पॅसिफिकवरून. पण साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात पूर्वेकडच्या नेवाडा-यूटा राज्यांतल्या उंच पठारांवर अधूनमधून थंड, जड हवा साचते. तिथला दाब वाढतो, किनाऱ्यावर तो कमी असतो, आणि हवा उलटी समुद्राकडे निघते. डोंगरांतल्या खिंडींमधून खाली घसरणारे हेच ते 'सांता आना' वारे.

खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि दाबली गेली की तापते: दर हजार मीटरला जवळजवळ 10 अंश. समजा, वर 0 अंश सेल्सियसची हवा आहे आणि तिची सापेक्ष आर्द्रता 40 टक्के. ती 1500 मीटर उतरली की 15 अंशांची होते. बाष्प होतं तेवढंच, तापमान मात्र वाढलेलं; आर्द्रता घसरते सुमारे 17 टक्क्यांवर. हवा वाळवंटाकडून आली म्हणून कोरडी, हे अर्धंच खरं. उरलेलं काम उतार करतो. शिवाय खिंडीत कोंडलेल्या वाऱ्याला वेग चढतो. त्या जानेवारीत वरच्या थरातले जोरदार वारेही डोंगर ओलांडून पायथ्यावर आदळले. काही उंच जागी झोत ताशी 140 किलोमीटरच्या वर गेले.

आता जळणाचं बघू. पावसाळी हवेत पापड सादळतो, तसं मेलेलं गवतही हवेतली ओल घेतं आणि कोरड्या हवेत ती तासाभरात सोडूनही देतं. आधीचे दोन हिवाळे भरपूर पावसाचे गेल्यामुळे गवत-झुडपं माजली होती. मग मे 2024 पासून शहरात जेमतेम 4 मिलिमीटर पाऊस. पाऊस जास्त झाला की वणव्याची चिंता मिटली, असं समजणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

एवढ्या वाऱ्यात आगीची सलग रेघ राहत नाही. निखारे उडून पुढे पडतात, छताखालच्या झरोक्यांतून घरात शिरतात, आणि जळतं घरच पुढच्या घराचं जळण होतं. 7 तारखेच्या रात्री वाऱ्यामुळे पाणी टाकणारी हेलिकॉप्टरं आणि विमानंही जमिनीवर ठेवावी लागली.

हे अचानक आलं नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने आदल्याच दिवशी 'विशेष धोकादायक परिस्थिती' असा, क्वचित वापरला जाणारा इशारा दिला होता. ठिणगीही नवी नव्हती. पॅलिसेड्सबाबत तपासयंत्रणांनी नंतर सांगितलं, की 1 जानेवारीला तिथे लागलेली छोटी आग जवानांनी विझवली होती, पण ती झुडपांच्या मुळांमध्ये, जमिनीखाली, धुमसत राहिली. असे सहा दिवस गेले. 7 तारखेच्या वाऱ्याने ती वर आणली.